पदकावरचे नाव, पाठीवरचा आकडा

अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने १९२२ साली मुलांच्या उत्तम पुस्तकाला न्यूबेरी पदक देण्यास सुरुवात केली आणि १९३८ पासून चित्रपुस्तकाला कॅल्डेकॉट पदक. ही दोन नावे आज जगभरच्या पुस्तकव्यवहारात ठाऊक आहेत. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांच्या वाचनालयांतही त्या पदकाचे गोल सोनेरी ठसे मारलेली पुस्तके दिसतात. याच ग्रंथपालांनी एकमेकांना दिलेल्या पुरस्कारांची नावे मात्र साहित्याच्या चांगल्या अभ्यासकालाही सांगता येणार नाहीत. मराठीतही वेगळे नाही. साहित्य अकादमीचा पुरस्कार कोणाला मिळाला यावर आपण महिनाभर भांडतो. ‘ग्रंथमित्र’ पुरस्कार कोणाला मिळाला ही बातमी वर्तमानपत्राच्या जिल्हापानावर येते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते.

ग्रंथालयशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या काळात या पुरस्कारांची निवेदने, मानपत्रे, नियमावल्या आणि प्रस्ताव मी पुष्कळ वाचले. त्यांच्याकडे कोणी वाङ्मय म्हणून पाहत नाही. पण एखादा व्यवसाय स्वतःविषयी काय समजतो हे त्याच्या घटनेपेक्षा त्याच्या मानपत्रांत अधिक स्पष्ट लिहिलेले असते, असे माझे मत होत गेले. मानपत्रात कोणती क्रियापदे येतात, पुरस्काराला नाव कोणाचे आहे आणि पैसे कोण देतो, एवढे पाहिले तरी बरेच कळते. म्हणून या लेखात मी या पुरस्कारांची चिकित्सा एखाद्या संहितेची करावी तशी करणार आहे. त्यात दोन नावांवर मुख्य भर आहे. एक मेलव्हिल ड्यूई आणि दुसरे शियाळी रामामृत रंगनाथन.

ड्यूईंचे नाव ग्रंथालयात पाऊल टाकलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून गेलेले असते, जरी त्याला ते ठाऊक नसले तरी. पुस्तकाच्या पाठीवरचा तीन अंकी आकडा आणि त्यापुढचा दशांश ही त्यांची १८७६ सालची पद्धत. त्याच वर्षी फिलाडेल्फियात अमेरिकन ग्रंथालय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. १८८७ च्या जानेवारीत त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी शाळा काढली. पहिल्या वर्गात वीस विद्यार्थी होते आणि त्यांपैकी सतरा स्त्रिया. कॉलेजच्या विश्वस्तांना स्त्रिया वर्गात बसलेल्या चालणार नव्हत्या. त्यांनी खोली नाकारली, तेव्हा ड्यूईंनी अडगळीच्या खोलीत वर्ग भरवला. दोन वर्षांत शाळा कोलंबियाबाहेर, ऑल्बनीला गेली. एवढाच भाग वाचला तर माणूस थोर ठरतो. १९५३ पासून संघटना ‘मेलव्हिल ड्यूई पदक’ देऊ लागली ती याच भागाच्या बळावर. वर्गीकरण, तालिकीकरण, प्रशिक्षण, व्यवस्थापन, म्हणजे ड्यूईंना ज्यात रस होता त्या सगळ्या क्षेत्रांतील कर्तृत्वासाठी हे पदक होते.

उरलेला भाग लपलेला नव्हता. ड्यूईंनी लेक प्लॅसिड येथे एक क्लब चालवला. ज्यूंना तेथे प्रवेश नाही, हे क्लबच्या छापील माहितीतच नमूद होते. कृष्णवर्णीयांनाही दार बंद होते. हे गृहस्थ त्याच वेळी न्यूयॉर्क राज्याचे राज्य ग्रंथपाल होते, म्हणजे सर्वांच्या करातून चालणाऱ्या ग्रंथालयाचे प्रमुख. १९०५ मध्ये न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित ज्यू नागरिकांनी अर्ज केला, ठपका आला आणि त्या वर्षअखेर ड्यूईंना पद सोडावे लागले. त्याच वर्षी संघटनेच्या अलास्का सहलीत त्यांनी बरोबरच्या स्त्रियांशी लगट केल्याच्या तक्रारी झाल्या. त्या स्त्रियांनी गप्प बसण्याचे नाकारले आणि १९०६ मध्ये ड्यूई संघटनेच्या कामकाजातून बाजूला झाले. १९३० साली एका माजी सेक्रेटरीच्या तक्रारीवर त्यांनी दोन हजारांहून अधिक डॉलर देऊन तडजोड केली. त्यांच्या शाळेच्या प्रवेशअर्जात स्त्रियांना उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग विचारला जाई व छायाचित्र मागितले जाई. वेन विगँड यांनी १९९६ साली लिहिलेल्या चरित्रात हे सारे कागदपत्रांनिशी आले.

म्हणजे १९५३ साली पदकावर नाव कोरताना संघटनेच्या दप्तरात १९०६ चा इतिहास पडलेलाच होता. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण जून २०१९ मध्ये संघटनेच्या परिषदेने वॉशिंग्टनच्या अधिवेशनात ड्यूईंचे नाव काढण्याचा ठराव केला, तेव्हा विरोधकांचा आवडता युक्तिवाद होता की जुन्या काळाला आजचे माप लावू नये. पण माप त्या काळाचेच होते. ज्या स्त्रियांनी तक्रार केली त्या ड्यूईंच्या समकालीन होत्या, व्यवसायात त्यांच्याबरोबर काम करत होत्या. ज्या ज्यू नागरिकांनी अर्ज केला तेही १९०५ चेच. त्या काळाने निकाल दिला होता. पुढच्या पिढीने पदक पाडताना तो दृष्टीआड केला आणि आणखी सहासष्ट वर्षांनी तो पुन्हा वाचला गेला, इतकेच.

ठरावाच्या वर्षभर आधी, २०१८ मध्ये, बालसाहित्यासाठीच्या लॉरा इंगल्स वाइल्डर पुरस्काराचेही नाव बदलले होते. वाइल्डर यांच्या पुस्तकांतील आदिवासींचे व कृष्णवर्णीयांचे चित्रण हे त्याचे कारण. दोन्ही ठिकाणी नवे नाव ठेवताना संघटनेने एकच युक्ती केली. एक झाला ‘बालसाहित्य वारसा पुरस्कार’ आणि दुसरे झाले ‘उत्कृष्टता पदक’. नाव काढले हे योग्यच झाले, पण त्या जागी आलेले हे शब्द मला अगदी बेचव वाटतात. उत्कृष्टता कशातली? माणसाच्या नावात निदान एक चरित्र असते, त्याच्याशी वाद घालता येतो. ‘उत्कृष्टता’ या शब्दाशी कोण वाद घालणार? आपल्याकडेही शासकीय पुरस्कारांच्या नावांत ‘उत्कृष्ट’ हे विशेषण असतेच. त्याने काहीही सांगितले जात नाही, म्हणूनच ते सगळ्यांना चालते.

चांगले उदाहरण संघटनेच्या घरातच होते. तालिकीकरण आणि वर्गीकरण यांतील कामासाठी १९५१ पासून मार्गारेट मॅन यांच्या नावाने सन्मान दिला जातो. मॅनबाई आयुष्यभर तालिकीकरण करत आणि शिकवत राहिल्या. मिशिगन विद्यापीठात त्यांनी शिकवले आणि १९३० साली लिहिलेले त्यांचे पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले. ज्या कामाचा गौरव करायचा ते काम केलेल्या, कामाने थोर आणि बाहेर अज्ञात असलेल्या बाईचे नाव. १९७० साली हा सन्मान रंगनाथनांना मिळाला. रंगनाथनांच्या सन्मानांची यादी आपल्याकडे सांगतात तेव्हा १९५७ चे पद्मश्री आणि १९६५ चे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद सांगतात. मला ही मॅनबाईंच्या नावाची चिठ्ठी त्यांहून मोलाची वाटते, कारण ती देणाऱ्यांना वर्गीकरण म्हणजे काय हे कळत होते.

ड्यूई पदकाचा पैसा कोठून येई, हेही पाहिले पाहिजे. बरीच वर्षे तो फॉरेस्ट प्रेसकडून येत असे. ही संस्था दशांश वर्गीकरणाच्या आवृत्त्या छापून विकत असे आणि तिची मालकी लेक प्लॅसिड क्लबच्याच शिक्षणप्रतिष्ठानाकडे होती. १९८८ साली ती ओसीएलसी या संस्थेने विकत घेतली. म्हणजे ज्या क्लबाच्या दारावरून ड्यूईंची नोकरी गेली, त्याच क्लबाच्या वारसांनी ड्यूईंच्या नावाने पदक दिले आणि ते देता देता ड्यूईंचे पुस्तक विकले. यात गुन्हा काही नाही. आपल्याकडेही कपाटे, संगणकप्रणाली किंवा ई-पुस्तके विकणारे लोक ग्रंथपालांच्या संमेलनांत पुरस्कार प्रायोजित करतात. पण पदकाच्या मागची बाजू वाचण्याची सवय असावी.

आणि नाव गेल्याने ड्यूई गेले का? पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा जागच्या जागी आहे. त्यांच्या रचनेत धर्म या विषयाला दोनशेचा वर्ग, त्यात २२० ते २८९ पर्यंतची जवळजवळ सगळी जागा ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेल्या जगाला २९०. हिंदू, बौद्ध, जैन, शीख हे सगळे २९४ च्या दशांशांत दाटीवाटीने बसले आहेत. ज्ञानेश्वरीवरच्या टीकाग्रंथाला आकडा देताना माझे विद्यार्थी दशांशामागून दशांश लिहीत जात आणि शेवटी पुस्तकाची पाठ अपुरी पडे. हे बदलायला ठराव पुरत नाही. लाखो पुस्तकांच्या पाठी पुसून पुन्हा लिहाव्या लागतील. पदकावरचे नाव खोडणे त्या मानाने स्वस्त आहे.

आपल्याकडे याच्या उलट घडले आहे, असे मला म्हणायचे आहे. पण त्याआधी कोलंबियापासून महाराष्ट्रापर्यंतचा एक धागा उकलून दाखवतो, कारण तो आपल्या पुरस्कारांच्या नावांपर्यंत येतो. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात ग्रंथालयांची व्यवस्था उभारण्यासाठी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. कोलंबियातील ड्यूईंच्या शाळेशी बोर्डेन यांचा संबंध होता. १९११ मध्ये त्यांनी बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला, तो या देशातील पहिला. १९१३ मध्ये बोर्डेन परत गेले, आणि त्याच वर्षी बडोद्याचीच शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर उलट दिशेने कोलंबियात दाखल झाले. तेथील ग्रंथालयात त्यांनी किती तास काढले आणि न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून किती पुस्तके जमवली, हे मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. १९१७ मध्ये जहाज बुडाल्याने त्यांतली बरीचशी समुद्रात गेली. पुढे दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी. ज्या शहरात ज्यूंना क्लबात बंदी घालणाऱ्या माणसाने ग्रंथपालांची पहिली शाळा काढली, त्याच शहरातील ग्रंथालयात, पाणवठ्यावर बंदी असलेल्या घरातला मुलगा कोणी न अडवता बसत होता.

१९८४-८५ पासून महाराष्ट्र शासन सार्वजनिक ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार देते, आणि ग्रंथालयांत काम करणाऱ्यांना डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा ग्रंथमित्र पुरस्कार. संस्थेला आंबेडकर, माणसाला रंगनाथन. ही जोडी ज्याने सुचवली असेल त्याला दाद द्यावी. जगातल्या कोणत्याही ग्रंथालयपुरस्कारांची नावे मला इतकी अर्थपूर्ण वाटली नाहीत. ग्रंथालयांचे पुरस्कार अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार आणि शहरी-ग्रामीण असे वेगळे दिले जातात, हेही शहाणपणाचे. माणसांच्या पुरस्कारात दोन प्रकार आहेत, कार्यकर्ता आणि सेवक. कार्यकर्ता म्हणजे बहुधा संस्थेचा पदाधिकारी. सेवक म्हणजे पगारावर काम करणारा ग्रंथपाल, लिपिक, शिपाई.

या दोन शब्दांपाशी मी नेहमी थांबतो. पगार घेऊन ज्ञानाचे काम करणाऱ्याला मराठी शासनव्यवहाराने ‘सेवक’ म्हटले आहे. शिक्षकाला आपण शिक्षणसेवक म्हणालो तेव्हा निदान कुरबुर तरी झाली. सेवक शब्दात नम्रता आहे, पण वेतनश्रेणी नाही. ड वर्गाच्या ग्रंथालयाला अनेक वर्षे सालीना तीस हजार रुपये अनुदान होते. नंतर त्यात साठ टक्के वाढ झाली. त्यातून पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल, जागेचे भाडे आणि सेवकाचा पगार. महिन्याचा भागाकार वाचकांनी स्वतः करावा.

रंगनाथनांचे नाव येथे टोचते. ग्रंथालय ही करातून चालणारी, कायद्याने बांधलेली सार्वजनिक सेवा असावी, यासाठी त्या माणसाने आयुष्य घातले. कायद्याचे मसुदे त्यांनी पुन्हापुन्हा लिहिले आणि त्यांत ग्रंथालय-उपकराचा आग्रह सोडला नाही. देणग्यांवर आणि मर्जीवर ग्रंथालय चालत नाही हे त्यांचे म्हणणे होते. १९४८ च्या मद्रास कायद्यात तो उपकर आला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. आपली पद्धत अनुदानाची आहे, म्हणजे गावकऱ्यांनी संस्था काढावी, शासनाने मान्यता द्यावी, वर्गानुसार रक्कम द्यावी. या पद्धतीने अकरा-बारा हजार ग्रंथालये उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे. इतकी ग्रंथालये फार थोड्या राज्यांत असतील. पण ती ज्या खांद्यांवर उभी आहेत त्यांना निश्चित वेतन मिळाले नाही. अमेरिकेने ड्यूईंचे नाव काढले आणि आकडे ठेवले. आपण रंगनाथनांचे नाव ठेवले आणि त्यांचा आकडा, म्हणजे उपकराचा, घेतला नाही.

पुरस्कार ठरतात कसे? शासकीय पुरस्कारासाठी प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत मागवले जातात. अर्थात इच्छुकाने स्वतः अर्ज करायचा. एका खासगी पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर मी काही वर्षे होतो, तेथेही हीच रीत होती. फाइली येत. कात्रणे, छायाचित्रे, प्रमाणपत्रांच्या प्रती, पाहुण्यांचे अभिप्राय. व्याख्यानमाला, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, दिवाळी अंक योजना. ग्रंथालयात रोज जे घडते त्याचा कागद होत नाही, म्हणून ते फाइलीत नसे. एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला स्पर्धा परीक्षेचे नेमके पुस्तक हातात दिले, एखाद्या आजीला मोठ्या टायपातली पोथी शोधून दिली, संशोधकाला तिसऱ्या गावच्या वाचनालयातला अंक आहे असे सांगितले, याचे छायाचित्र कोण काढतो? वाचकाचा वेळ वाचवणे हा रंगनाथनांच्या पाच नियमांतला चौथा. वाचलेल्या वेळेचा पुरावा जोडता येत नाही. आणि आंबेडकरांच्या नावाच्या पुरस्काराने विचारायला हवा तो प्रश्न, म्हणजे गावातले कोण ग्रंथालयात येत नाही, हा तर मी वाचलेल्या एकाही फाइलीत नव्हता. सभासदसंख्या असे. न आलेल्यांना रकाना नसे.

इमारतीचे छायाचित्र मात्र चांगले येते, आणि हा दोष आपलाच आहे असे नाही. जगातील उत्तम सार्वजनिक ग्रंथालय निवडणारा आंतरराष्ट्रीय पुरस्कार २०१४ पासून दिला जातो. त्याच्या मानकऱ्यांत आरहूसचे डॉक-वन, हेलसिंकीचे ऊडी, ऑस्लोचे डायक्मन आहेत. हा पुरस्कार नव्या किंवा नव्याने रूपांतरित केलेल्या वास्तूसाठीच आहे, आणि ते तो प्रामाणिकपणे सांगतो. सगळी ग्रंथालये देखणी आहेत. त्यांच्या काउंटरमागे कोण बसले आहे हे त्या निवडीतून कळत नाही.

काउंटरमागचा माणूस ज्यांना दिसला असे दोन पुरस्कार मला माहीत आहेत. अमेरिकेत २००८ पासून एक पुरस्कार असा आहे की ज्यात नाव वाचकांनी सुचवायचे. ग्रंथपालाने अर्ज करायचा नाही. वाचक लिहितात तेव्हा व्याख्यानमाला येत नाहीत, ‘मला हे मिळवून दिले’ एवढेच येते. दुसरा २०१४ सालचा. ‘लेमनी स्निकेट’ या टोपणनावाने मुलांसाठी लिहिणाऱ्या डॅनियल हँडलर यांनी संकटात सापडलेल्या ग्रंथपालासाठी पुरस्कार ठेवला. रोख रकमेबरोबर लेखकाच्या संग्रहातली एखादी विचित्र वस्तूही मिळते. पहिला मान न्यू ऑर्लीन्समधील एका ग्रंथपाल बाईंना मिळाला. वादळाने उद्ध्वस्त झालेल्या वस्तीत त्यांनी राहत्या घरात मुलांसाठी ग्रंथालय काढले होते आणि त्या सायकलवरून पुस्तके पोचवत. पुढच्या दहा वर्षांत हा पुरस्कार विनोद राहिला नाही. ग्रंथालयांतून पुस्तके काढून टाकण्याच्या मागण्या वाढत गेल्या, आणि २०२३ या एका वर्षात संघटनेने अशी ४,२४० वेगवेगळी पुस्तके मोजली. ती कपाटात ठेवणाऱ्या ग्रंथपालाला धैर्याचा पुरस्कार लागतो, हे कोणाला आधी वाटले असते?

विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे सांगण्यासारखे कमी आहे. आपल्या विद्यापीठांत सर्वाधिक गुणांना सुवर्णपदक आणि परिषदांत उत्तम निबंधाला बक्षीस असते. निबंधांचे विषय ठरलेले, अमुक महाविद्यालयातील वाचकांच्या सवयींचे सर्वेक्षण. प्रश्नावली, टक्केवारी, निष्कर्ष असे की ग्रंथालय उपयुक्त आहे. माझ्या वर्गातल्या दोन सुवर्णपदकप्राप्त मुली आज कंत्राटावर आहेत. दर अकरा महिन्यांनी त्यांची नेमणूक संपते. शिक्षण संपल्यावर पदक देण्याऐवजी शिक्षणाच्या दारात पैसे देण्याचा विचार अमेरिकन संघटनेने १९९७ साली केला. वर्णाने अल्पसंख्य असलेल्या विद्यार्थ्यांना ग्रंथपाल होण्यासाठी ‘स्पेक्ट्रम’ शिष्यवृत्ती सुरू झाली. ड्यूईंच्या क्लबाला दिलेले ते मला खरे उत्तर वाटते, २०१९ च्या ठरावापेक्षाही.

रंगनाथनांनी स्वतः पैसा कसा दिला तेही येथे आठवावे. पन्नासच्या दशकात आयुष्यभराच्या बचतीतून त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले. त्यातून पदक निघाले नाही, ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन निघाले. म्हणजे एका माणसाचा कायमचा पगार. त्या अध्यासनाला नाव दिले पत्नीचे, शारदाबाईंचे.

दर वर्षी १२ ऑगस्टला त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. त्या दिवशी ग्रामीण वाचनालयात हार आणणारा, प्रतिमा पुसणारा, खुर्च्या मांडणारा आणि नंतर देवघेवीच्या टेबलाशी बसणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याचे अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येते.